लेदर व्हेस्टवर पॅच: टीप मारण्याआधी एकदा विचारून घेतो

क्लचवायर
मंडळी, नमस्कार. गेली चार वर्षं एका डब्यात पॅच साठत आलेत. लांबच्या राइड्सचे सात-आठ, एक झेंड्याचा, दोन निव्वळ वात्रट, आणि एक पाठीवरचा मोठा, ११ इंच रुंद. आता एकदाचं काळं लेदर व्हेस्ट घेतलंय. गाईचं चामडं, जाडी १.२ मिमीच्या आसपास, आतून अस्तर, अस्तरात दोन खिसे.

घरात आईचं शिलाई मशीन आहे. विषय काढल्याबरोबर तिने मशीनवर कव्हर घातलं. "माझ्या मशीनला कातडं दाखवायचं नाही." त्यामुळे तो रस्ता अर्धा बंद आहे. काही पॅचना मागून इस्त्रीने चिकटणारा थर आहे. नुसती इस्त्री फिरवून भागेल का? की हाताने शिवू? की कुणाकडून शिवून घेऊ? आणि मोठा पॅच नेमका किती वर लावतात? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

निरगाठ
इस्त्री नको. नको म्हणजे नको.

तो थर वितळायला १५० अंशांच्या आसपास तापमान लागतं. चामडं म्हणजे शेवटी कातडी, ती त्याच्या बऱ्याच आधी आक्रसायला लागते. झाडाच्या सालीवर कमावलेलं ओलं चामडं सत्तर-ऐंशी अंशांतच गोळा होतं, क्रोमवर कमावलेलं शंभरपर्यंत तग धरतं. मी वर सुती फडकं ठेवून दहा सेकंद दाबलं होतं. फडकं उचललं तर पॅचच्या कडेने रुपयाएवढा भाग मनुक्यासारखा सुरकुतलेला. तो आजही तसाच आहे. वर पॅच मात्र पंधरा दिवसांत एका कोपऱ्यातून सुटला.

घाटवळण
शिवून घेणार असशील तर अस्तराचं आधी बोलून घे. माझी कथा ऐक.

मी व्हेस्ट आणि पॅच एका कारागिराकडे देऊन आलो, संध्याकाळी घेऊन आलो. बाहेरून काम झक्कास. टीप सरळ, कोपरे नेटके. घरी येऊन आतल्या खिशात हात घालतो तर हात जाईना. छातीवरच्या पॅचची टीप चामडं, अस्तर आणि खिसा असं सगळं एकत्र घेऊन गेलेली. बरं, खिशात गाडीची दुसरी किल्ली होती. ती मीच काढायला विसरलो होतो. बाहेरून बोटाला लागत होती, पण निघत नव्हती. टाके उसवून किल्ली काढली आणि पॅच परत लावला, तेव्हा जुन्या भोकांशेजारी नवी भोकं. कापडाची भोकं दोन धुण्यांत बुजतात, चामड्याची कधीच बुजत नाहीत.

क्लचवायर
@घाटवळण, वाईट वाटलं, पण हसलोही. मग अस्तर उसवायचं का आधी?

सुई_सोळा
बॅगा आणि सीट कव्हरं शिवते, चामड्यातच दिवस जातो, म्हणून जरा लांब लिहिते.

हो, अस्तर उसवायचंच. पण सगळं नाही. खालच्या पट्टीच्या आतली शिवण हातभर उसवली की आत हात आणि मशीनचा पाय दोन्ही जातात. काही व्हेस्टना याच कामासाठी अस्तरात चेन दिलेली असते, आधी ती आहे का बघा. अनेकजण चेन असूनही अस्तर फाडून बसतात. पॅच फक्त चामड्याला शिवायचा, अस्तर बाजूला ठेवायचं, शेवटी खालची शिवण हाताने बंद करायची. मागचे टाकेही अस्तराआड जातात.

आता सुई. साध्या कापडाच्या सुईने चामडं शिवू नका. तिचं टोक गोल असतं, धाग्यांना बाजूला सारत जातं. चामड्यात बाजूला सारायला धागे नाहीत, त्यामुळे सुई अडते, वाकते, टाका गाळते. चामड्याच्या सुईला टोकाशी पातं असतं, ती कापत जाते. पाकिटावर १००/१६ लिहिलेली घ्या. १०० म्हणजे सुईची जाडी एक मिलिमीटर, १६ हा त्याच मापाचा दुसरा आकडा. जाड दोऱ्याला ११०/१८. आणि पातं कापतं म्हणूनच टाका मोठा ठेवायचा, साडेतीन ते चार मिलिमीटर. दीड-दोन मिलिमीटरवर मारलात तर पोस्टाच्या तिकिटासारखी छिद्रांची रांग होते आणि एक दिवस पॅच चामड्याच्या चौकोनासकट हातात येतो. हे मी दुरुस्तीला आलेल्या मालात पाहिलंय.

दोरा सुती नको. घामाने, पावसाने आणि चामड्यातल्या रसायनांनी कुजतो. बॉन्डेड (वर राळेचा थर दिलेला) नायलॉन किंवा पॉलिस्टर दोरा घ्या. घासण्याला नायलॉन चिवट, उन्हाला पॉलिस्टर चिवट. व्हेस्ट उन्हातच फिरणार, म्हणून मी पॉलिस्टरला मत देते. जाडी टेक्स ७०, म्हणजे या दोऱ्याचं एक किलोमीटर ७० ग्रॅम भरतं. वरचा दोरा पॅचच्या काठाच्या रंगाचा, बॉबिनमध्ये काळा. मासेमारीच्या तंगूससारखा पारदर्शक दोरा बरेचजण वापरतात, कारण रंग जुळवावा लागत नाही. मला तो आवडत नाही. ताठ असतो, गाठ धरत नाही, टोकं मानेला टोचतात आणि जुना झाला की तुटतो.

सुरुवातीला आणि शेवटी उलटी टीप मारायची सवय असते सगळ्यांना. इथे नाही. एकाच जागी तीनदा सुई गेली की तिथे भोक नाही, खड्डा होतो. दोन्ही टोकं मागे ओढून घ्या, गाठ मारा, लायटरने जरासं वितळवा.

क्लचवायर
ताई, दंडवत. हे सगळं आईच्या मशीनवर होईल का? (आई हा धागा वाचत नाही.)

सुई_सोळा
एक पदर चामडं आणि वर पॅच, एवढं बऱ्याच लोखंडी घरगुती मशिनी ओढतात, दोरा टेक्स ४५ पर्यंत आणला तर. चाक हाताने फिरवायचं, मोटर नाही. अडचण ताकदीची नसते, सरकण्याची असते. खालचे दाते चामडं पुढे ढकलतात, वरचा पाय पॅचला चिकटून मागे ओढतो, आणि चौथ्या बाजूला पोचेपर्यंत पॅच दोन-तीन मिलिमीटर सरकून चुणी पडलेली असते. वॉकिंग फूट मशीनमध्ये वरचा पाय, सुई आणि दाते तिन्ही एकत्र चालतात, म्हणून तिथे हे होत नाही. घरच्या मशीनला निदान टेफ्लॉनचा पाय लावा. आणि पाठीवरचा ११ इंची पॅच घरगुती मशीनवर करू नका. व्हेस्टची गुंडाळी मशीनच्या गळ्यात मावतच नाही. एका हाताने गुंडाळी सांभाळायची, एकाने चाक, आणि पॅच कोण धरणार?

आरी_दोरा
सुई_सोळा यांचं सगळं बरोबर, पण मशीनचा टाका हा मशीनचा टाका. वरचा दोरा खालच्यात अडकलेला, एक तुटला की पुढचे चार सैल. हाताने दोन सुयांचा टाका घाला. एकच दोरा, दोन्ही टोकांना सुई, प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात. एक टाका तुटला तरी शेजारचे जागचे हलत नाहीत. खोगिरं अशीच शिवत आलेत.

पद्धत सांगतो. पॅचच्या काठाला लागून आत बारीक आरीने भोकं पाडून घ्यायची, ४ मिमी अंतराने. अंतराला जेवायचा काटा चालतो, त्याचे दात टेकवत जायचं. दोऱ्याला मेण चोळायचं. दोरा काठाच्या लांबीच्या चौपट घ्या, वर वीतभर जास्त. सुया बोथट, कारण भोक आधीच आहे. सुई ओढायला पक्कड जवळ ठेवा आणि बोटात अंगुस्तान घाला. नाहीतर चौथ्या इंचाला बोट सोलतं. छातीवरच्या ३ इंची पॅचला मला तासभर लागतो.

खटारा
काका, मग ११ इंचीला किती? जून ते ऑगस्ट?

आरी_दोरा
दोन रविवार. घाई कुणाला आहे? व्हेस्ट आयुष्यभर घालायचंय.

सुई_सोळा
आरी_दोरा, टाक्याच्या ताकदीबद्दल मान्यच आहे. पण खोगिराचं चामडं ४ मिमी असतं, व्हेस्टचं सव्वा. नवख्या माणसाची आरी तिरकी गेली की समोरून रांग सरळ आणि मागून वेडीवाकडी, आणि पातळ चामड्यात दोन भोकं एकमेकांत मिसळतात. पॅचवर भार तरी कसला येतो? वारा आणि घासणं. त्याला मशीनची टीप पुरते. छोटे हाताने, मोठा मशीनवर, असं सुचवेन.

आरी_दोरा
तडजोड मंजूर. पण चप्पल-बूट शिवतात त्या पॅचर मशीनवर देऊ नका एवढंच सांगतो.

निरगाठ
का? सिंगर २९के या पॅचर मशीनवर माझे चार पॅच शिवलेत, छान बसलेत. त्याचा पाय गोल फिरतो, व्हेस्ट न फिरवता गोल पॅचच्या कडेने टीप मारता येते. हातही बारीक, अस्तराच्या फटीतून आत जातो.

सुई_सोळा
दोघंही बरोबर. पॅचरचा पाय दातेरी असतो आणि चामडं तोच ओढतो, खाली वेगळे दाते नसतात. मऊ चामड्यावर त्याच्या दातांचे वळ उठतात. कारागीर चांगला असेल तर पाय पॅचच्या भरतकामावरच ठेवतो, चामड्यावर उतरू देत नाही. द्यायच्या आधी त्याने केलेलं काम बघा, आणि पॅचबाहेर दातांचे ठसे आहेत का ते बघा. एवढीच परीक्षा. बॉबिन पण त्यात चिमुकली असते, मोठ्या पॅचला मध्येच संपते आणि जोड दिसतो.

धुरळा
जागेबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो.

व्हेस्ट टेबलावर पसरून पॅच मांडू नकोस. टेबलावर सगळंच सुंदर दिसतं. पॅचच्या आकाराचा कागद काप, मास्किंग टेपने हलकेच लाव, आतून राइडला घालतोस ते जॅकेट घाल, गाडीवर बस, हात हँडलवर ठेव आणि कुणालातरी मागून फोटो काढायला सांग. खांदे पुढे गेले की पाठ रुंद होते आणि व्हेस्ट वर चढतं. उभं असताना मधोमध वाटणारा पॅच बसल्यावर मानेत घुसलेला दिसतो. मी तीन वेळा कागद हलवला. शेवटी कॉलरच्या शिवणीपासून मला वाटलं होतं त्याच्या चार बोटं खाली आला.

मध्यरेषा खालच्या काठावरून मोजू नकोस, तो काठ बऱ्याचदा तिरका कापलेला असतो. दोन्ही मुंढ्यांपासून मोज. बाजूला दोऱ्या बांधायचं व्हेस्ट असेल तर त्या दोन्हीकडे सारख्या ओढून मग मोज. पाठीवर आडवी शिवण असेल तर पॅच पूर्ण तिच्या खाली बसव किंवा बराचसा तिच्यावरून जाऊ दे. पॅचचा काठ आणि ती शिवण एकाच रेषेत आले की तिथे चार पदर होतात आणि सुई तुटते.

मागे कुणी बसत असेल तर पॅचचा वरचा काठ त्यांच्या हेल्मेटच्या काचेच्या बरोबर समोर येतो. बायकोने सहा महिन्यांत गरुडाचं डोकं घासून टकलं केलंय.

मोगरी
"गरुडाचं डोकं टकलं" :))) वाचनखूण साठवली.

क्लचवायर
कागद कापला, बसलो, फोटो काढले. खरंच चार बोटं. आता एक विचारायचं राहिलं. मोठ्या पॅचच्या वर आणि खाली लावायला दोन कमानी पट्ट्या बनवून घेतल्यात, वर आमच्या ग्रुपचं नाव, खाली आमच्या भागाचं. त्या मोठ्या पॅचपासून किती अंतरावर शिवू?

खटारा
थांब. सुई खाली ठेव.

वरची कमान, मधलं चित्र, खालची कमान हा नुसता डिझाइनचा प्रकार नाही. मोटरसायकल क्लबांच्या जगात या कमानींना रॉकर म्हणतात. वर क्लबचं नाव, खाली इलाका. तीन सुटे तुकडे पाठीवर म्हणजे "हा आमचा पूर्ण सभासद आणि हा आमचा मुलूख". तिथे हे पॅच विकत मिळत नाहीत. माणूस आधी काही काळ उमेदवार म्हणून घालवतो, मग एकेक तुकडा कमावतो. बऱ्याच क्लबांत व्हेस्ट त्याचं असलं तरी पॅच क्लबच्या मालकीचे मानतात, सोडताना काढून द्यावे लागतात. खालची इलाक्याची कमान तर फारच नाजूक बाब.

क्लचवायर
अरे पण आम्ही रविवारी नाश्त्याला जाणारी मंडळी. सगळे मिळून नऊ. त्यातला एक स्कूटरवर येतो.

खटारा
तुला माहीत आहे, मला माहीत आहे. लांबच्या राइडला अनोळखी पेट्रोल पंपावर मागून बघणाऱ्याला फक्त तीन तुकडे दिसतात.

मोगरी
जरा अतीच होतंय का? माझं व्हेस्ट, माझे पैसे, मी काय शिवायचं ते मी ठरवणार.

खटारा
ठरव की. पोलिसासारखी टोपी घालून फिरायलाही कुणी हात धरत नाही, लोक मात्र टोपी बघून वागतात.

अवांतर: हिऱ्याच्या आकाराचा "१%" पॅचही गंमत म्हणून लावू नका. १९४७ च्या जुलैमध्ये कॅलिफोर्नियातल्या हॉलिस्टर गावी मोटरसायकलस्वारांच्या मेळाव्यात दंगा झाला. त्यावर अमेरिकन मोटरसायकलिस्ट असोसिएशनने "९९ टक्के स्वार कायदा पाळणारे आहेत" असं निवेदन काढलं, अशी कथा सांगतात. १९२४ साली स्थापन झालेली ही संस्था म्हणते की असं निवेदन आमच्या दफ्तरात नाही. निवेदन असो नसो, उरलेला एक टक्का आम्हीच, असं म्हणणाऱ्यांनी तो पॅच छातीवर घेतला. ते लोक त्याकडे गंमत म्हणून बघत नाहीत.

धुरळा
खटाराशी सहमत. एकसंध पॅच लाव, कुणाचं काही म्हणणं नसतं. माझा हार्ले ओनर्स ग्रुपचा आहे. तो १९८३ पासूनचा कंपनीने चालवलेला मालकांचा ग्रुप, त्याला क्लब म्हणून कुणी बघत नाही.

क्लचवायर
ठीक. ग्रुपवर मत घेतलं. आठजण म्हणाले कमानी नकोत, नववा म्हणाला त्याच्या स्कूटरच्या सीटमागे चालतील. त्याला देऊन टाकल्या.

पाचवा_गिअर
उशिरा आलो. वेल्क्रोचा विचार केलास का? मऊ बाजू व्हेस्टला शिवायची, काटेरी बाजू पॅचच्या मागे. छोटे पॅच हवे तेव्हा बदलता येतात. पाठीवरच्या मोठ्याला मात्र वेल्क्रो नको, ऐंशीच्या वेगाला एखादा कोपरा सुटला की वारा उरलेलं काम करतो.

दुसरं, व्हेस्टच्या नावाखाली कुणी एअरबॅगचं व्हेस्ट शिवायला घेईल, त्यांच्यासाठी: अजिबात नाही. सुई आतल्या पिशवीत गेली तर संपलं, आणि न गेली तरी पिशवी फुगायला जी जागा लागते ती टीप अडवते.

क्लचवायर
साधंच लेदर आहे. काल रात्री सुरुवात केली. वृत्तांत देतो, त्यात एक घोळ आहे.

खालची शिवण उसवली. पहिला पॅच छातीवर डावीकडे, काट्याने खुणा, आरी, मेण, सगळं काकांच्या सांगण्याप्रमाणे. पॅच हलू नये म्हणून मागे दुहेरी टेप लावली होती आणि हुशारी करून ती अगदी काठापर्यंत नेली. आठव्या टाक्यापासून सुई जड जायला लागली. बाहेर काढली तर सुईवर डिंकाचा मणी, आणि दोऱ्याला काळी घाण. जोर लावून ओढला तसा एक टाका चामड्याला कापत बाजूच्या भोकात गेला. आता तिथे दोन भोकांऐवजी एक फट आहे.

सुई_सोळा
टेप मध्ये लावायची, टाक्याच्या रेषेपासून बोटभर आत. किंवा शाळेतली डिंकाची कांडी, ती वाळते आणि सुईला धरत नाही. टाचण्या तर टोचल्या नाहीत ना कुठे?

फटीचं काही होत नाही. थोडा मोठा पॅच आहे का?

क्लचवायर
टाचण्या नाहीत. आणि हो, वात्रटातला एक अर्धा इंच मोठा आहे. राइडचा पॅच उजवीकडे गेला, वात्रट डावीकडे आला. फट झाकली. आता माझ्या छातीवर आयुष्यभर "ब्रेक दाबायला विसरलो" लिहिलेलं राहणार.

आरी_दोरा
आठ टाके बरे जमले होते की नाही?

क्लचवायर
जमले काका. फोटो टाकतो. मोठा पॅच एका बॅगा शिवणाऱ्यांकडे वॉकिंग फूटवर मारून घेतला. अस्तर मी आधीच मोकळं करून नेलं होतं, कागदाच्या खुणाही चामड्यावर टेपने करून नेल्या. त्यांना फक्त कडेने फिरवायचं होतं, दहा मिनिटं लागली. जाड गुंफलेल्या काठाच्या अगदी आतल्या खाचेत टीप मारली, वरून दोरा शोधावा लागतो.

मोगरी
मस्त दिसतंय! एक शंका. पावसात लाल पॅचचा रंग पांढऱ्यावर उतरतो का?

निरगाठ
भरतकाम रेयॉनच्या धाग्याचं असेल तर उतरू शकतो, पॉलिस्टरचं असेल तर सहसा नाही. पांढरं ओलं फडकं पॅचवर दाबून बघायचं, फडक्यावर गुलाबी आलं की समजायचं. शिवायच्या आधी बघितलेलं बरं. आणि चामड्याला तेल-क्रीम लावताना पॅचच्या काठापासून हात राखून. भरतकामावर गेलं की तेलकट डाग बसतो, वर धूळ बसते.

क्लचवायर
बघितलं. लाल शाबूत आहे.

अस्तर बंद करायला बसलो तर आई शेजारी येऊन उभी. आतून टाके बघितले, मशीनचे आणि माझ्या हातचे वेगवेगळे ओळखले. मग म्हणाली, "सरक, हे मी करते, तू ते दिसेल असं शिवशील." कापडाचं काम, तिची सुई, पाच मिनिटांत शिवण गायब. शेवटचा टाका घालायच्या आधी दोन्ही खिशांत हात घालून बघायला लावलं.

घाटवळण
आणि किल्ली?

क्लचवायर
टेबलावर. दोनदा बघितली.